बधिर

सदरमध्ये, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
लियाओभाऊचं हॉटेल.
पाटीवर मंचुरियन, ट्रिपल राइस, चायनीज भेळ,
पण ते पाटीपुरतं.
आजोबा कलकत्त्याहून कातड्याच्या धंद्यात आलेले,
नातू विचारतो, "डॉक्टरसाहेब,
आज खरं खाऊन राहिले, का नेहमीचंच?"

खरं फक्त सोमवारी.
सोमवारी तो वाडग्यातून एकेक मुलूख वाढतो:
हक्का लोकांचं डुकराचं मटण, मुरवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं,
युन्नानच्या डोंगरातल्या सुक्या अळंब्यांचा रस्सा.
"चीन म्हणजे एक कढई नाही," तो म्हणतो,
"तुमचं वऱ्हाड वेगळं, झाडीपट्टी वेगळी, तसंच."
मी मान डोलावतो.
सावजीवर पोसलेला माणूस मी,
मला तिखटाची भीती कोण घालणार?

मग सिचुआनचा टोफू आला.
लाल तेलात थरथरणारा, वर कुटलेले तपकिरी दाणे.
पहिल्या घासाला काहीच नाही.
दुसऱ्याला ओठांवरून मुंग्यांची रांग गेली.
तिसऱ्याला जीभ माझी राहिली नाही.

तीस वर्षं मी लोकांच्या हिरड्या बधिर केल्या
धरमपेठेतल्या त्याच एका खुर्चीत,
"आता काही लागणार नाही" म्हणत.
माझी जीभ अशी याआधी एकदाच गेली होती,
सेमाडोहच्या वर, नाल्याकाठी.
हिरालाल कास्देकरनं पिवळं बोंड खुडून हातावर ठेवलं,
अक्कलकाऱ्याचं.
"दाढ दुखली तर आम्ही हे चावतो साहेब.
तुमची सुई इथं कोणं पाह्यली?"
आणि मी, सुईचा मालक, लाळ गाळत बसलो,
आणि गोतमारे पोट धरून
खडकावर आडवा झाला हसून हसून.

त्याच दुपारी वाटेला फाटा फुटला.
तो म्हणाला डावी, मी म्हणालो उजवी.
एवढंच.
पुढे लोक विचारायचे, पैशावरून का? प्लॉटवरून का?
मी सांगायचो, हो, तसंच काहीसं.
एकोणीस वर्षं.
लक्ष्मीभुवन चौकात समोरासमोर आलो तरी
तो पानठेल्याकडे बघायचा, मी सिग्नलकडे.

बधिर जिभेनंच फोन लावला.
जीभ ताब्यात असती तर लावला नसता.
"गोहमाहे," मी म्हणालो. त उमटेना, र उमटेना.
"पिऊन आहे का बे?"
"नाही. चायनीज."
पलीकडे बराच वेळ पंखा फिरत राहिला.
मग, "कुठलं?"

डिसेंबरात गेलो. परतवाडा, मग घाट.
त्याच्या गुडघ्याला पट्टा, माझ्या खिशात बीपीची गोळी.
हिरालालचं गाव आता तिथं नाही,
उठवून जंगलाबाहेर नेलं.
मोहाची झाडं तेवढी उभी,
घरं गेल्यावरही अंगणं धरून.
हिरालालही नाही.
त्याची मुलगी सुमरती गाइड आहे,
खाकी शर्ट, पायात पुरुषी बूट, चाल बापाची.
तिला विचारलं, तो दोन वाटांचा फाटा कुठं?

"दोन कुठं साहेब?
एक अस्वलाची, एक गुरांची.
माणसांची वाट खालून, नाल्यातून.
बाबा सांगायचा, दोन साहेब भांडून राहिले होते,
मी कशाला मधात बोलू?"

गोतमारे खडकावर टेकला. तोच खडक असेल, नसेलही.
मी डबा उघडला, लियाओभाऊनं बांधून दिलेला:
गार नूडल्स, आणि कागदाच्या पुडीत ते दाणे,
"हे डोंगरातलं आहे, डोंगरात खा."
सुमरतीनं एक चावला, डोळे मोठे केले,
कोरकूत काहीतरी म्हणाली
आणि त्याचा अर्थ काही सांगितला नाही.
अक्कलकारा शोधला. एक बोंड मिळालं,
वाळलेलं, चवीला नुसतं गवत.
मग तिघंही ओठ चाचपत बसलो.
पलीकडे सागाचं पान पडलं, ताट पडल्यासारखं.

"आता उतरायचं कुठून?" गोतमारेनं विचारलं.
मी तोंड उघडलं, तर जीभ नव्हती.
बरं झालं.
सुमरती तोवर नाल्यात उतरलीही होती.